दुकानात मुबलक, डोंगरात दुर्मिळ

पांढऱ्या ढगांच्या डोंगरावरचा इवलासा मासा घरच्या हिरव्या टाकीत वाढवताना

घरात मासे पाळण्याचा शौक आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. दिवाणखान्यात काचेची टाकी, तीत दोन-चार गोल्डफिश, तळाला निळे-गुलाबी खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा खजिन्याचा पेटारा, हे दृश्य वाचकांच्या ओळखीचे असेल. मुले आठ दिवस टाकीपुढून हलत नाहीत. महिन्याभराने टाकी रिकामी होते आणि माळ्यावर जाते. अशा घरांत 'दुर्मिळ मासा' हा शब्द काढला तर लोक हसतात. दुर्मिळ म्हणजे हजारो रुपयांचा, श्रीमंतांच्या बंगल्यातला, असा आपला समज असतो.

या लेखात ज्या माशाची ओळख आम्ही करून देत आहोत तो असा नाही. तो बोटाच्या दीड-दोन पेरांएवढा आहे, किमतीने साधा आहे आणि मोठ्या शहरांतल्या मासेविक्रेत्यांकडे मागितला तर बहुधा मिळतो. तरीही तो खराखुरा दुर्मिळ आहे. कारण ज्या डोंगरातून तो जगभर गेला, त्याच डोंगरातून तो नाहीसा झाला. जगातल्या असंख्य घरांत त्याचे बिऱ्हाड आहे, पण त्याच्या स्वतःच्या गावी त्याचे घर राहिलेले नाही.

नाव आणि गाव

दुकानदार त्याला 'व्हाइट क्लाउड' म्हणतात. पूर्ण नाव 'व्हाइट क्लाउड माउंटन मिनो', म्हणजे पांढऱ्या ढगांच्या डोंगरावरचा छोटा मासा. हा डोंगर दक्षिण चीनमध्ये ग्वांगझू शहराच्या उत्तरेला आहे. ग्वांगझू म्हणजे जुने कॅन्टन. मुंबईच्या व्यापाऱ्यांची जहाजे एके काळी कापूस घेऊन जिथे जात, तेच हे बंदर. डोंगराचे चिनी नाव बायुन आणि त्याचा अर्थच 'पांढरे ढग'. उंची जेमतेम ३८२ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने ती टेकडीच म्हणायची.

या माशाच्या शोधाची हकिकत आम्ही वर्गात आवर्जून सांगतो. तो कुणा मोठ्या शास्त्रज्ञाच्या जाळ्यात सापडला नाही. तान नावाचे एक स्काउट पथकाचे नेते होते. त्यांना बायुन डोंगरावरच्या ओढ्यात हा मासा दिसला आणि हे काहीतरी वेगळे आहे हे त्यांनी ओळखले. मासा अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि १९३२ साली लिन शू-येन या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'तानिक्थिस अल्बोन्यूबीस'. पहिल्या शब्दाचा अर्थ 'तानचा मासा' आणि दुसऱ्याचा 'पांढरे ढग'. शोधणाऱ्याचे नाव आणि गावाचे नाव, दोन्ही त्या इवल्या जिवाच्या नावात कायमची बसली. स्काउटची खाकी घालून ओढ्याकाठी जाणारी मुले आपल्याही शाळांत आहेत. त्यांच्यापैकी किती जण ओढ्यात वाकून पाहतात, हा प्रश्न मात्र आम्हाला नेहमी पडतो.

पुढची हकिकत आनंदाची नाही. मासा देखणा, काटक आणि सहज पिल्ले देणारा. त्यामुळे तो लवकरच जगभरच्या टाक्यांत पोहोचला. इकडे त्याच्या डोंगराशेजारचे शहर वाढत गेले. पाणी वळवले गेले, ओढे घाण झाले आणि डोंगर सहलीचे ठिकाण बनला. १९८० नंतर त्याच्या मूळ जागी तो दिसेनासा झाला आणि तो निसर्गातून संपला असेच बरेच दिवस मानले गेले. नंतर त्याच ग्वांगडाँग प्रांतात इतरत्र काही लहान ओढ्यांत त्याच्या तुरळक टोळ्या सापडल्या. चीनने या माशाला संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या श्रेणीत घातले आहे आणि हे संरक्षण निसर्गातल्या माशांपुरते आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत एकाच माशाचे दोन प्रकार झाले: ओढ्यातला जपायचा आणि फार्मवरचा विकायचा.

आम्ही राहतो ते सातारा जिल्ह्यातले थंड हवेचे गाव. सुटीच्या दिवशी इथेही गाड्यांची रांग लागते, ओढ्याकाठी प्लास्टिकच्या ताटल्या पडतात आणि पाण्यावर साबणाचा फेस तरंगतो. म्हणून बायुन डोंगराची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही.

हाच मासा का?

मुलांचा हट्ट वेगळाच होता. पुण्याच्या एका दुकानात त्यांनी 'मिस केरळ' पाहिला होता. चंदेरी अंग, त्यावर लाल आणि काळी रेघ, असा तो देखणा मासा केरळ आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांखेरीज जगात कुठेच आढळत नाही. आम्ही दुकानदाराला विचारले, "हे मासे फार्मवर वाढलेले की नदीतून धरलेले?" तो म्हणाला, "सर, मासा तो मासाच. कुठला का असेना, जगला म्हणजे झाले." आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मुले घाटभर गप्प होती.

त्या रात्री जेवताना आम्ही त्यांना समजावले. चांगल्या घरात सून आणताना आपण माहेर विचारतो, मग जीव आणताना का विचारू नये? नदीतला मासा आणला तर नदीत एक कमी होतो. फार्मवर किंवा कुणाच्या टाकीत जन्मलेला आणला तर नदीचे काही जात नाही. थोरल्याने मग स्वतःच शोधाशोध केली आणि जगभर टाक्यांतच जन्मणारा, हीटर न लागणारा आणि आमच्या गावच्या हवेला मानवणारा हा मासा सुचवला. एका हौशी पाळणाऱ्याच्या घरी जन्मलेले बारा मासे आम्ही आणले. ते कोणत्या टाकीतले आणि त्यांचे आईबाप कोणते, हे त्याने कागदावर लिहून दिले. तो कागद आमच्या घरात रेशनकार्डाच्या फाइलमध्ये आहे.

टाकी कशी असावी

हा मासा एकटा-दुकटा ठेवू नये. तो टोळीत राहणारा आहे. आठ-दहांपेक्षा कमी असले तर ते घाबरट होतात, कोपऱ्यात दडतात आणि रंग सोडतात. टोळीला पोहायला मोकळी लांबी लागते. म्हणून उंच नळकांड्यासारखी किंवा गोल बरणीसारखी टाकी नको. साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घ्यावी. तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे भरल्यावर तिचे वजन खडे आणि काचेसह साठ किलोच्या वर जाते. ती डगमगत्या टेबलावर ठेवू नये. खिडकीतले थेट ऊन तिच्यावर पडू नये, कारण उन्हाने पाणी तापते आणि काचेवर शेवाळ चढते. वर जाळीचे झाकण हवेच. हे मासे उडी मारतात.

तळाला बारीक, धुतलेली वाळू किंवा खडी घालावी. रंगीत खडे टाळावेत. गडद तळावर माशांचा रंग खुलतो आणि फिकट तळावर तो विटल्यासारखा दिसतो. वनस्पतींबाबत सुरुवातीला हौस आवरावी. जावा फर्न आणि अनुबियास ही दोन झाडे लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधली की जगतात. त्यांची मुळाशी असलेली जाड खोडे मात्र वाळूत पुरू नयेत, ती कुजतात. मागच्या बाजूला वालिसनेरियाची लांब, पट्टीसारखी पाने लावावीत. ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही वाढते. समोर थोडी क्रिप्टोकोरीन आणि एका कोपऱ्यात जावा मॉसचा भरघोस पुंजका ठेवावा. मॉसचा पुंजका पुढे पिल्लांच्या कामी येतो. मधली जागा पोहण्यासाठी मोकळी सोडावी.

दिवा रोज सात-आठ तास पुरे. मुले अभ्यास करतात तोवर दिवा चालू, हा हिशेब घरात चालणार नाही. घड्याळी स्विच स्वस्त मिळतो, तो लावावा. फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर उत्तम. त्याचा प्रवाह सौम्य असतो आणि पिल्ले त्यात ओढली जात नाहीत.

सब्राचे सहा आठवडे

टाकी सजली की त्याच संध्याकाळी मासे आणायचे आणि चार दिवसांनी एकेक काढून कुंडीत पुरायचा, असे अनेक घरांत होते. लोक म्हणतात, आमच्या हाताला मासे लाभत नाहीत. हाताचा यात दोष नसतो. टाकीतले पाणी अजून कच्चे असते.

माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजले की अमोनिया तयार होतो. तो माशांचे कल्ले जाळतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर आणि पानांवर वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत झाडे लावावीत, फिल्टर चालू ठेवावा आणि अन्नाची चिमूट अधूनमधून टाकावी, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळते. पाणी तपासण्याचे संच बाजारात मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की पाणी पिकले असे समजावे. ओळखीच्या एखाद्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो, कारण दुधाला विरजण लावावे तसे ते आहे.

झाडांचे महत्त्व इथेच कळते. नायट्रेट हे त्यांच्यासाठी खत असते. माशाची घाण झाडाचे अन्न होते आणि झाडाने उजेडात सोडलेला प्राणवायू माशाला मिळतो. सहावीच्या पुस्तकात जे आम्ही खडूने फळ्यावर काढतो, ते मुलांना काचेतून दिसते. आमच्या धाकटीने एके दुपारी वालिसनेरियाच्या पानावरून वर जाणारे बारीक बुडबुडे दाखवले आणि विचारले, "हे तेच का, जे तुम्ही शाळेत शिकवता?" तेच होते.

मासे आल्यावर दर आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी कधीच बदलू नये. नळाच्या पाण्यातले क्लोरिन मासे आणि जिवाणू दोघांनाही घातक आहे. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरिनचे थेंब घालावेत. स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणूंची वस्ती टिकते. आणि ते काढलेले पाणी मोरीत ओतू नये. गुलाबाच्या कुंडीला त्याच्यासारखे खत नाही, असे आमच्या अम्मींचे मत आहे.

अन्न अगदी थोडे द्यावे. या माशाचे तोंड लहान असते. पापडीसारखे कोरडे खाद्य बोटांनी चुरून घालावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. पाण्यातले बारीक जीव आणि डासांच्या अळ्या तो आवडीने खातो. ईदला किंवा लग्नासाठी चार दिवस गावी जायचे असेल तर निरोगी मोठे मासे उपाशी राहू शकतात. जाताना एकदम जास्त अन्न टाकून जाणे हेच धोक्याचे. त्याहून जास्त दिवस जायचे असेल तर एकेका वेळेची पुडी बांधून शेजाऱ्यांकडे द्यावी आणि बाकीचा डबा कपाटात बंद करावा. प्रेमाने जास्त घातलेल्या अन्नाने जितके मासे मरतात तितके उपासाने मरत नाहीत.

उन्हाळ्याची परीक्षा

आता या माशाच्या बाबतीतली सर्वांत मोठी अडचण सांगितली पाहिजे. तो थंड पाण्याचा आहे. १८ ते २२ अंश सेल्सिअस हे त्याचे खरे सुख. थंडीत पाणी त्याहून बरेच खाली गेले तरी तो सोसतो. पण पाणी दीर्घकाळ २८ अंशांच्या वर राहिले तर तो थकतो, त्याचे आयुष्य घटते. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणून नागपूर, अकोला, जळगाव किंवा परभणीकडच्या वाचकांना आम्ही स्पष्ट सांगू: खोली थंड ठेवण्याची सोय नसेल तर हा मासा आणू नका. आपल्या हवेला मानवेल असा दुसरा मासा निवडा. जिवाला जी हवा मानवत नाही तिच्यात त्याला कोंडून ठेवणे हा शौक नव्हे.

जिथे हवा थोडी सौम्य आहे तिथे साधे उपाय चालतात. टाकी घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी ठेवावी. झाकण जाळीचे असले तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावावा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीतलेही दोन-तीन अंश उतरते. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. टाकीत थर्मामीटर हवाच.

एका एप्रिलमध्ये वळवाच्या वादळाने गावातली वीज दीड दिवस गेली. पंखा बंद, एअर पंप बंद. दुपारपर्यंत पाणी २९ अंशांवर गेले आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. शेजारच्या खालांच्या फ्रिजमध्ये बर्फ शिल्लक होता. तो घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून आम्ही टाकीत तरंगत ठेवला. तापमान एकदम उतरू नये म्हणून बाटली पाच मिनिटे आत, दहा मिनिटे बाहेर. मुलांनी वाटीने पाणी उचलून वरून ओतण्याच्या पाळ्या लावल्या, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. रात्री साडेअकरापर्यंत घर जागे होते. बारापैकी दहा मासे वाचले. दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून बॅटरीवर चालणारा पंप मागवला. तो आता टाकीखालीच असतो.

पिल्ले

नर आणि मादी ओळखणे अवघड नाही. नर सडपातळ, त्याच्या पाठीवरचा पर मोठा आणि लाल. मादी पोटाशी गोलसर. दोघांच्याही अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक चमकती रेघ जाते, तिच्या शेवटी काळा ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी लाल रंग. सकाळच्या वेळी दोन नर समोरासमोर येतात, सगळे पर पसरतात आणि एकमेकांभोवती फिरतात. चावाचावी क्वचितच होते. सगळा मामला दिखाव्याचा असतो.

मादी मॉसमध्ये अंडी विखुरते. ती घरटे करत नाही, राखणही करत नाही. साधारण दोन दिवसांत अंडी फुटतात आणि केसाच्या तुकड्यासारखी पिल्ले पानांना व काचेला चिकटलेली दिसतात. आणखी काही दिवसांत ती पोहू लागतात. मुरलेल्या, झाडांनी भरलेल्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. पिल्लांचे पहिले अन्न तेच. पुढे ब्राइन श्रिम्प नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवांची अंडी घरी उबवून त्यांची बाळे देता येतात. मोठे मासे काही पिल्ले खातात, पण मॉस दाट असेल तर बरीच वाचतात. थोड्या दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर निळी-हिरवी रेघ अशी चमकते की पाहणारा नियॉन टेट्राच म्हणेल. याच रेघेमुळे पाश्चात्त्य देशांत याला 'गरिबाचा नियॉन' असे नाव पडले.

आमच्याकडे पहिली पिल्ले दिवाळीच्या थंडीत आली. धाकटीने भिंग लावून मोजली: चौतीस.

माशांचा शजरा

इथून पुढे आमच्या घरातला शौक नुसता शौक राहिला नाही. चौतीस पिल्लांचे करायचे काय, हा प्रश्न होता. दुकानदार घ्यायला तयार होता. पण त्याच्याकडे एकाच टाकीत साधे मासे, सोनेरी मासे आणि लांब परांचे मासे एकत्र होते. सोनेरी आणि लांब परांचे हे माणसाने निवडून वाढवलेले प्रकार. त्यात वाईट काही नाही. पण सगळे एकत्र झाले की दोन-चार पिढ्यांत डोंगरावरचा मूळ मासा कसा होता हे सांगायला कुणी उरत नाही.

शास्त्रज्ञांचे अभ्यासही हेच सुचवतात. फार्मवर पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या या माशांत जनुकीय विविधता निसर्गातल्या टोळ्यांपेक्षा कमी आढळली आहे. शिवाय ज्यांना इतके दिवस एकच मासा समजत होते, त्यांतले काही वेगळेच निघाले. २०२२ साली चीनमधून याच कुळातल्या दोन नव्या जातींची नोंद झाली. त्यातली एक हैनान बेटावरची. म्हणजे दिसायला सारखे म्हणून एकत्र ठेवणारा माणूस नकळत दोन जाती मिसळून टाकू शकतो.

आमच्या घरात दादाजींच्या हातचा खानदानाचा शजरा आहे. सात पिढ्यांची नावे, कोण कुठून आले, कुठे गेले. त्यावरून मुलांनी एक वही घातली आणि वर लिहिले: माशांचा शजरा. बारा मासे कुणाकडून आले, कोणत्या महिन्यात पिल्ले झाली, किती जगली, कुणाकडे किती दिली. पहिल्या चौतिसांपैकी सव्वीस मोठी झाली. ती आम्ही तीन घरांत दिली. अट एकच: सोनेरी किंवा दुसऱ्या टाकीतले मासे त्यांत मिसळायचे नाहीत आणि नकोसे झाले तर आम्हाला परत द्यायचे. हे मासे देणगी नाहीत, अमानत आहेत, असे मुलांनीच सांगितले.

अशा वहीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मेक्सिकोतले उदाहरण पाहा. तिथल्या तेउचित्लान गावच्या झऱ्यांत 'तेकिला' नावाचा एक छोटा मासा होता. तो तिथून नाहीसा झाला. पण काही जोड्या परदेशात पाळलेल्या होत्या. १९९८ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मिचोआकान विद्यापीठात पोहोचल्या. एका हौशी मत्स्यपालकाने त्या नेल्या.  विद्यापीठाने त्यांची टोळी वर्षानुवर्षे सांभाळली, आधी तळ्यांत सोडून पाहिली आणि मग त्यांना त्यांच्याच झऱ्यांत परत सोडले. तिथे त्यांना पिल्लेही झाली.

यावरून कुणी असे समजू नये की आमची दहा-वीस पिल्ले उद्या चीनच्या डोंगरावर जातील. परत सोडणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. आधी ओढा स्वच्छ हवा, मासे निरोगी हवेत, वंश तपासलेला हवा. घरच्या टाकीने डोंगर वाचत नाही, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. पण माहीत असलेला, न मिसळलेला वंश टिकवणे घराच्या आवाक्यात आहे आणि ते करणारी घरे जगात थोडी आहेत.

आपल्या नद्यांचे काय?

चीनचा मासा जपताना आपल्या पायाखालच्या पाण्याकडे पाठ करून चालणार नाही. आमच्या डोंगरातून कृष्णा निघते. याच कृष्णेच्या खोऱ्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकात 'झेब्रा लोच' नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा लहान मासा राहतो. तो जगात दुसरीकडे कुठे नाही आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या तीस जातींचे पंधरा लाखांहून अधिक मासे हौशी टाक्यांसाठी परदेशी गेले. त्यांत मोठा वाटा तीन गटांचा होता: झेब्रा लोच, केरळचा इवलासा पफर आणि मुलांना हवा होता तो मिस केरळ.

मिस केरळची आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्याला वाचवण्यासाठी केरळात जून, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत मासेमारी बंद ठेवण्याचा नियम झाला. बहुतेक मासे पावसाळ्यात अंडी घालतात, तसा हाही घालत असेल असे गृहीत धरले होते. २०११ साली अभ्यासकांनी तपासून दाखवले की हा मासा ऑक्टोबर ते मार्च या काळात अंडी घालतो. म्हणजे कुलूप होते, पण बहुतांश वेळ चुकीच्या दाराला. जपण्याची नियत चांगली असून भागत नाही, ज्याला जपायचे त्याची माहितीही लागते.

म्हणून वाचकांना आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली: कोणताही मासा घेताना तो कुठे जन्मला हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार आपोआप चौकशी करू लागतो. दुसरी: आपल्या नदीतला देशी मासा हौसेसाठी धरून आणू नका, आणि कुणी विकत असेल तर आधी वन्यजीव कायद्याच्या याद्या पाहा. तिसरी: टाकीतला मासा किंवा झाड कधीही ओढ्यात, विहिरीत, धरणात सोडू नका. दया म्हणून सोडलेला परका मासा तिथल्या माशांचे अन्न, जागा आणि अंडी खातो, सोबत रोगही नेतो. टाकी साफ करायला आणलेला सकर मासा अशाच 'दये'ने भारतातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे. चौथी: मुलांना टाकी दाखवता तशी एकदा जवळच्या ओढ्यावर न्या आणि तिथे कोण राहते ते पाहायला सांगा.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलांनी गावच्या ओढ्यात तीन ठिकाणी, पाण्यात हात न घालता, फक्त काठावर बसून पाहिले. वरच्या बाजूला त्यांना चार प्रकारचे मासे दिसले. धुण्याच्या घाटाखाली एकच. हॉटेलांच्या सांडपाण्याच्या खाली एकही नाही. कुणाला काही शिकवावे लागले नाही. एका मुलाने वहीत लिहिले, "वरचे मासे खाली येत नाहीत कारण खाली घर नाही." ते पान आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवले. धुण्याचा घाट ओढ्यापासून दूर न्यायचा ठराव झाला आहे, काम अजून व्हायचे आहे. पाठपुरावा चालू आहे.

काचेच्या टाकीची किंमत फार नाही, आणि या माशाची तर त्याहून कमी. लागतो तो वेळ, सब्र आणि थोडी चौकशी. आपल्या घरी टाकी असेल तर तीतल्या माशांचे गाव कोणते, हे या आठवड्यात मुलांना शोधायला सांगा. जगाच्या नकाशावर बोट ठेवून त्यांनी ती नदी, तो डोंगर दाखवावा. आणि मग एक वही घालून द्या.